शेजारच्या सात पायऱ्या

बर्फ थांबला की एका दिवसाच्या आत
आपापल्या दारापुढचा फुटपाथ साफ करायचा,
नाहीतर सेंट पॉलच्या महापालिकेचं पत्र येतं.
तेव्हा माझ्या दारचा बर्फ मी उपसते
त्यात पुण्य काही नाही. भीती आहे.

पण शेजारच्या लिंडक्विस्टबाईंच्या सात पायऱ्या
मला कुणी सांगितल्या नव्हत्या.
सबंध डिसेंबर, पहाटे साडेपाचला,
गेलेल्या नवऱ्याचे बूट घालून
(दोन मोजे जास्तीचे, तरी टाचेशी ढिले)
मी त्या साफ करत आले.

कुणी पाहू नये, असं वाटायचं.
आणि पाहावं, असंही.
एकदाच, चुकून, पडदा सरकवताना.
म्हणून शेवटच्या पायरीवर
फावडं जरा जोरात आपटायची मी.

जानेवारीत त्यांनी आत बोलावलं.
वेलदोडा घातलेला पाव, काळी कॉफी.
मी तोंडात "अहो, त्यात काय एवढं"
तयार ठेवून बसले होते.
त्या म्हणाल्या, फार चांगली आहेस तू,
पण आता थांबशील का?
कोपऱ्यावरच्या घरात एक मुलगा आहे.
दर बर्फाला वीस डॉलर द्यायची मी त्याला.
यंदा येतो, साफ पायऱ्या बघतो,
फावडं खांद्यावर टाकून परत जातो.
काम न करता घे म्हटलं, तर घेत नाही.

पाव घशात अडकला.

धर्म करता कर्म उभे राहते, असं आई म्हणायची.
मला वाटे, ते धर्म करणाऱ्याच्याच दारात उभं राहत असणार.
इथं ते कोपऱ्यावरच्या पोरापुढे उभं होतं,
आणि मी इकडे पहाटेचा घाम पुसत
स्वतःवर खूश.

घरी येऊन हिशोब मांडला.
आठ वेळा बर्फ. आठ विसे एकशेसाठ.
इतके पैसे मी एका पोराच्या खिशातून काढून
माझ्या मनाच्या गल्ल्यात टाकले होते
आणि वर झोपही छान लागत होती.

पाकीट घेऊन गेले.
"कशाचे?" त्यानं विचारलं.
चौदा वर्षांचं पोर, मिसरूड फुटायची होती,
आणि एवढा साधा प्रश्न.
मी म्हटलं, नाव काय तुझं?
म्हणाला, तू.

ह्मोंग लोकांत असतं हे नाव.
वांगांचा मधला मुलगा, तू वांग.
पण मराठी कानाला कोण समजावणार!
त्या सबंध डिसेंबरात मी होते,
बर्फ होता, फावडं होतं, पायऱ्या होत्या.
तू नव्हतास.

पाकीट त्यानं घेतलं नाहीच.
"तुमचाही फुटपाथ मीच करू? पंचवीस."
लिंडक्विस्टबाईंना वीस, मग मला का रे पंचवीस?
"तुमचा लांब आहे."
मी हो म्हटलं.
त्याच्यासाठी म्हटलं, की रात्रीच्या झोपेसाठी,
की सरळ गुडघ्यांसाठी, अजून कळलेलं नाही.
गुडघे दुखत होते, हे मात्र खरं.

आज पुन्हा पडला आहे, घोट्याइतका.
मी खिडकीशी, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून.
हात मोकळे ठेवले तर काय करतील, सांगता येत नाही.
तो भराभर उपसतो, कानात गाणं, टोपी नाही.
टोपी घाल म्हणून काच वाजवावीशी वाटते,
वाजवत नाही.
चौथ्या पायरीच्या कोपऱ्यात मूठभर बर्फ
त्यानं तसाच सोडला आहे.

तो गेला.
बर्फ आहे अजून तिथं.
दुपारी ऊन पडलं तर वितळेल.
बूट दाराशीच आहेत.